बाळाचं नाव आधी मोठ्यानं हाक मारून बघा

घरात बाळ आलं की आजकाल पहिल्या आठवड्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप तयार होतो, मामा, मावश्या, काका, फुया म्हणजे आत्या, सगळे त्यात, आणि मग "आपापल्या आवडीची नावं सुचवा" सुरू होतं. बहुतेक नावं इंग्रजी अक्षरांत येतात, कुठे दोन ए, कुठे मधेच वाय, कुठे शेवटी एक एच जास्तीचा कारण कुणीतरी अंकशास्त्रवाल्यानं तसं सांगितलेलं असतं. समोर अर्थ लिहिलेला असतो, उगवता सूर्य, देवाचा अंश, विष्णूचं एक नाव वगैरे. पण ते नाव म्हणायचं कसं, हे ना पाठवणारा लिहितो ना बाकीचे विचारतात. दहा जण मनातल्या मनात दहा प्रकारे वाचतात आणि लाईक ठोकून मोकळे होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की अर्थ नंतर बघा, उच्चार आधी बघा. नाव हे सगळ्यात जास्त वेळा बोललं जातं, लिहिलं जातं त्यामानाने फारच कमी. मग ज्या घरात, ज्या गल्लीत, ज्या बोलीत ते रोज बोललं जाणार आहे तिथल्या माणसांच्या तोंडून ते आधी ऐकून घ्यायला काय हरकत आहे? आणि याच्याच जोडीला दुसरी गोष्ट, की एकदा घरानं नाव ठेवलं आणि घर ते एका पद्धतीनं म्हणायला लागलं की शाळेनं, ऑफिसनं, कुणीही "तुमचा उच्चार चुकतोय" म्हणायचं नाही. खान्देशात या दोन्ही गोष्टी बोलायची जास्तच गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

कारण आपण जळगावला जयगाव म्हणणारी माणसं. ळ आपल्या जिभेवर आला की त्याचा य होतो, केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो, यावल-रावेरकडच्या लेवा बोलीतही हे आहे आणि धुळे-अमळनेरकडच्या अहिराणीतही आहे. पाणी आपल्याकडे पानी असतं. श आणि ष दोन्ही बऱ्याच तोंडांत स च्या जवळ जातात. आणि नावाच्या सुरुवातीलाच जोडाक्षर आलं तर म्हातारी माणसं त्याच्याआधी एक इ लावतात नाहीतर मधे स्वर घालून ते फोडून टाकतात, म्हणून स्मिताची इस्मिता होते, सिमिता पण होते. याला लोक अशुद्ध म्हणतात. मी नाही म्हणत, कारण अशुद्ध बोलणारा माणूस कधी असं कधी तसं बोलेल, आणि इथे तर पिढ्यान्‌पिढ्या ठरल्यासारखं एकाच बाजूने होतं. गोपाळचा गोपाय होतो, मंगळाची मंगया होते, बाळूचा बायू होतो. याला बोलीचा नियम म्हणतात, चूक म्हणत नाहीत.

आता अशा तोंडांसमोर आपण काय ठेवतो बघा. अद्विक, रेयांश, क्षितिजा, हृदान, कृष्णाई, मृण्मयी. नावं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, काही तर फार गोड आहेत. पण मधे आमच्या नात्यात एक बारसं झालं ते डोळ्यासमोरून जात नाही. पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचं पातेलं शेजारी, फुईनं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, मग बायकांनी एकमेकींना विचारायला सुरुवात केली "काय नाव ठेवं पोऱ्यानं?" आणि उत्तर प्रत्येकीपाशी वेगळं. एक म्हणे आदिक, एक म्हणे आदविक, एक म्हणे आद्वीत. बाळाची पणजी खाटेवर बसलेली, तिनं दोन-तीनदा खरोखर मनापासून प्रयत्न केला, ओठ हलवून बघितले, मग म्हणाली, "मन्हा तोंडमा बसत नही ते, मी ते त्याले बाबूच म्हनसू." सगळे हसले. ती मात्र हसली नाही. जिनं त्या घरातली सगळी पोरं मांडीवर वाढवली तिला पहिल्या पणतूचं नाव घेता येत नाही, ही गोष्ट मला बारीक वाटत नाही. आणि असं काय अडलं होतं? बारशाच्या आठ दिवस आधी तिच्यासमोर चार नावं म्हणून बघितली असती तर तिनंच सांगितलं असतं कोणतं जिभेवर बसतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे परत दगडू-धोंडू ठेवायचे का. अजिबात नाही. पण त्या नावांबद्दल पण एकदा नीट बोललं पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या पिढीत सुपडू, धुडकू, चिंधू, भिका, दगडू, उखा, नथ्थू ही नावं घरोघरी होती. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या बाळाला सुपात घालायचे, चिंधीत गुंडाळायचे, भीक मागून आणल्यासारखं करायचे, नाक टोचायचे, आणि नाव पण तसंच ठेवायचे की दृष्ट लागू नये, यमाचं लक्ष जाऊ नये. ज्या काळात तान्ही मुलं हातातून जायची त्या काळात आईच्या हातात एवढंच होतं. म्हणून सुपडू नावाच्या आजोबांना हसणाऱ्या नातवाला मी थांबवते, त्या नावात अख्ख्या घराचा जीव अडकलेला होता. ती नावं तोंडाला सोपी होती, शेतातून हाक मारली तर पार बांधापर्यंत जायची. पण त्याच जुन्या पद्धतीत मुलीला नकोशी म्हणायची पण रीत होती, साताऱ्यात 2011 मध्ये प्रशासनानं अशा शेकडो मुलींची नावं बदलून घेतली ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. जे नाव घेताना मूल मान खाली घालतं ते नाव कितीही सोपं असो, नको.

जुन्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती. नावरसाचं, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून काढलेलं, नाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं. पंचांगात प्रत्येक नक्षत्राच्या चारही चरणांना एकेक अक्षर दिलेलं आहे, अश्विनीला चू, चे, चो, ला, आणि पुढे जाता जाता आर्द्राला ङ येतं, हस्ताला ण आणि ठ येतं, उत्तराभाद्रपदाला ञ येतं. ण वरून नाव कुठून आणणार? ङ वरून तर मराठीत शब्दच सुरू होत नाही. म्हणून ते नाव पत्रिकेत राहायचं, लग्न जमवताना काढायचं, आणि घरात, शाळेत, गावात दुसरंच नाव चालायचं. आता लोकांनी पत्रिकेतलं अक्षर थेट जन्माच्या दाखल्यावर आणलंय, आणि त्या अक्षरावरून नाव सापडलं नाही की मोबाईलवरच्या ॲपमधून कुठलं तरी जुळवलेलं नाव उचलतात, ज्याचा उच्चार ते ॲप बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी नावरस जरूर काढावी. पण ती कानात सांगा, पत्रिकेत ठेवा, आणि मुलाला हाक मारायला एक मोकळं नाव द्या, आपल्या आज्या-पणज्यांनी तेच केलं.

मला कुणी आवडीची नावं विचारली तर मी आधी आपल्या आजूबाजूला बघते. मुक्ता हे माझं सगळ्यात लाडकं. मुक्ताईनगर आपल्या जिल्ह्यात, मुक्ताईची वारी आपल्या रस्त्यानं जाते, आणि नाव किती स्वच्छ, मुक्-ता, कुठल्याही बोलीत ते मोडत नाही, फार तर मुक्ती किंवा मुक्ताई होतं आणि दोन्ही गोडच. सोपान तसंच. बहिणाबाईंच्या मुलाचं नाव सोपानदेव, आईच्या तोंडची गाणी ज्यानं कागदावर उतरवून घेतली तो. लीला पण मला फार आवडतं. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख आहे, आणि त्या ग्रंथांतला एक लीलावती, 1150 सालचा. गणिताच्या पुस्तकाला मुलीचं नाव असणारा आपला मुलूख, तिथे एकाही वर्गात लीलावती दिसू नये याचं वाईट वाटतं, आणि घरी लीला म्हणायला किती सोपं. तापी हे नाव आमच्या आज्यांच्या पिढीत होतं, तापीबाई, आता कुणी ठेवत नाही. अनेर नाव ठेवलेलं माझ्या ऐकण्यात नाही, पण शिरपूरकडची ती नदी, तिचं नाव मुलालाही शोभेल आणि मुलीलाही, अ-नेर, ना जोडाक्षर, ना ळ, ना ण. जाई आणि जुई पण आवडतात, फक्त तिथे एक सांगावं लागतं, त्यांचा ज "जाऊ दे" मधला आहे, "जीव" मधला नाही, आणि जान्हवीचा, जयश्रीचा ज "जीव" मधला आहे. देवनागरीत दोन्ही ज एकसारखेच लिहितात. म्हणजे नुसतं देवनागरीत लिहूनही भागत नाही, शेवटी कुणीतरी म्हणून दाखवावंच लागतं.

अवघड नावं ठेवूच नका असं मात्र मी म्हणत नाही. नंदुरबारच्या शिरीषकुमारचंच घ्या. 9 सप्टेंबर 1942 ला तो पोरसवदा मुलगा हातात झेंडा घेऊन गोळ्यांसमोर उभा राहिला आणि शहीद झाला. शिरीष या नावात श पण आहे आणि ष पण आहे, आमच्याकडच्या कितीतरी तोंडांत ते सिरीस होतं, तरी लोक आपल्या मुलांना ते नाव देतात आणि अभिमानानं घेतात. स्मिता पाटीलचं घर शिरपूरचं, एखादी आजी तिला इस्मिता पाटील म्हणाली तर त्या नावाचं काय कमी झालं? आणि बहिणाबाई तर बघा, त्यांच्या नावाच्या जळगावच्या विद्यापीठाच्या पाटीवर ण आहे, त्यांच्या माहेरी असोद्यात आणि आजूबाजूला लोक सरळ बहिनाबाई म्हणतात. बाईंनी स्वतः काय म्हटलं असतं हे सांगायची गरज आहे का, त्यांची बोलीच ती होती. ज्या नावावर माणसाचं खरं प्रेम असतं ते नाव बोलीत थोडं वळतं, मोडत नाही. पणजीला अद्विक का जमलं नाही, तर ते नाव तिनं आधी कुठे ऐकलेलंच नव्हतं, आणि ते बसवायला तिला कुणी वेळही दिला नाही.

शाळेबद्दल मला जरा रागानंच बोलायचंय. पहिलीतलं पोर उभं राहून सांगतं, "माझं नाव मृनाल", आणि बाई सगळ्या वर्गासमोर म्हणतात, "मृनाल नाही, मृणाल, नीट म्हण." पोर परत मृनाल म्हणतं. वर्ग हसतो. त्या पोराचं काय चुकलं? त्याला त्याच्या आईनं याच नावानं झोपवलंय, याच नावानं उठवलंय. सहा वर्षं जे नाव त्याचं होतं ते एका सकाळी चुकीचं ठरतं, आणि मग ती पोरं काय करतात माहितीये का, हळूहळू नावच सांगायचं टाळतात, आडनाव सांगतात. मी शिक्षकांच्या विरोधात नाही, आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी पोरांना घडवलंय, आणि प्रमाण मराठी शिकवलंच पाहिजे, पुस्तक वाचताना ण आणि ळ नीट आले पाहिजेत, उद्या पुण्या-मुंबईला मुलाखत द्यायला बसलं तर उपयोग होतो, हे सगळं मला मान्य आहे. पण पुस्तकातला ण वेगळा आणि पोराच्या स्वतःच्या नावातला न वेगळा. पहिल्या दिवशी हजेरी घेताना नुसतं एवढं विचारायचं, "घरी तुला कसं हाक मारतात?" आणि तसंच म्हणायचं. ण पुढे तो शिकेलच.

सातपुड्यात तर हे याच्याही पुढे जातं. अक्राणी, अक्कलकुवा, तिकडे भिलांमध्ये, पावरा लोकांमध्ये जन्मवारावरून नाव ठेवायची जुनी पद्धत आहे, मंगळवारी झाला तर मंगल्या, बुधवारी बुध्या, रविवारी दितल्या. ही नावं शाळेच्या दाखल्यावर येताना मंगलसिंग, बुधा, दिलीप अशी कशीही होतात, म्हणजे तिथे उच्चार सुधारण्यावर थांबत नाहीत, नावच बदलून टाकतात, आणि बदलणाऱ्याला वाटतं आपण पोराचं भलं केलं. आईबापांनी विचारून बदललं तर ठीक. न विचारता बदललं तर ते भलं नाही. पावरी बोलीतलं नाव पावऱ्याच्या तोंडून ऐकून जसंच्या तसं लिहायला वेळ किती लागतो?

यावर एक मुद्दा नेहमी येतो की आपली मुलं काय खान्देशातच राहणार आहेत का, अर्धा खान्देश सुरतेला आहे, उरलेला पुण्याला जायच्या तयारीत आहे, तिथे चालेल असं नाव नको का. मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच उच्चार बघा म्हणतेय. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे, तेवढ्या अंतरात प्रज्ञा बदलते. इकडे ती प्रद्न्या, तिकडे प्रग्ना, आणि बऱ्हाणपूरला गेली की प्रग्या. कृतिका इकडे क्रुतिका, हिंदीवाल्यांकडे क्रितिका, आणि स्पेलिंग पण त्याप्रमाणे वेगवेगळं. तीन राज्यांच्या सीमेवर राहतो आपण, तर नाव ठेवताना ते तिकडे काय होईल याचा पण विचार करावा, आणि जे होईल ते आपल्याला चालणार आहे का ते आधीच ठरवावं. मुक्ता, सोपान, लीला, ही नावं सुरतेतही तीच राहतात.

आणि वेगळं नाव पाहिजे म्हणून जी धावपळ चालते तिच्याबद्दल एवढंच, एकेकाळी एका वर्गात चार-चार स्वप्निल आणि पूजा असायच्या, त्याला कंटाळून लोकांनी वेगळी नावं शोधली, ते समजू शकते. पण आज आरव, विहान, रुद्र आणि शिवांश यांची पण तीच गत आहे.

आता कागदपत्रांकडे येते, कारण खरी अडचण तिथेच होते. इंग्रजी अक्षरांत त आणि ट एकच, द आणि ड एकच, न आणि ण एकच, ल आणि ळ एकच. फॉर्म इंग्रजीत भरला की मराठी नाव कॉम्प्युटर आपणहून तयार करतो आणि समोर बसलेला माणूस ते बघत नाही. आमच्या ओळखीतल्या एका वेदिकेचं नाव एका सरकारी कार्डावर "वेडिका" आलं. आईनं ते घरी आल्यावर वाचलं. दुरुस्तीसाठी ती शेतातली मजुरी बुडवून तालुक्याला जात राहिली, आणि दर वेळी तिला सांगितलं गेलं की इंग्रजी स्पेलिंग तर बरोबर आहे, मग काय अडलंय. तिचं काय अडलंय हे तिला त्या काउंटरवर समजावून सांगता आलं नाही. पोरीला कार्ड दाखवायची लाज वाटते, हे अडलंय.

पूर्वी असली चूक खपून जायची, आता नाही खपत. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतचा मुख्य पुरावा झालाय. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे, जो मला फार आवडला, पण म्हणजे आता आईचंही नाव त्याच काळजीनं लिहिलं गेलं पाहिजे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शाळेत अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढताना आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते. म्हणून पहिल्या कागदावर नाव बरोबर जाणं याला आता फार महत्त्व आलंय.

आणि इथे लोकांना एक गोष्ट माहीतच नसते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते हे खरं, पण नाव तेव्हाच द्यायचं असं बंधन नाही. नावाशिवाय नोंद होते, मग 12 महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, आणि त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं. तर दवाखान्यातून घरी निघायच्या घाईत, कुणीतरी "पटकन नाव सांगा" म्हणालं म्हणून ग्रुपवरचं पहिलं नाव देऊन टाकायची काही गरज नाही. बाळ घरी न्या. दोन-तीन महिने दोन-तीन नावांनी हाक मारून बघा. पणजीला मारू द्या, शेजारच्या पोरांना मारू द्या, बाळाची मोठी बहीण बोबडं काय म्हणते ते ऐका. ज्या नावाकडे सगळ्यांची तोंडं आपोआप वळतात ते घेऊन मग नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा.

नोंद करणाऱ्यांनी पण दोन गोष्टी केल्या पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. एक, नाव आधी देवनागरीत घ्यायचं, पालक जसं म्हणतात तसं, आणि इंग्रजी स्पेलिंग त्याच्यावरून करायचं, उलटं नाही. दोन, सेव्ह करायच्या आधी स्क्रीनवर आलेलं मराठी नाव आई-वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पुढे जायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर हाच एक मार्ग आहे, कारण ते कागद तपासू शकत नाहीत पण कानानं नाव ओळखू शकतात. याला ना नवीन कायदा लागतो, ना पैसे लागतात, ना कुणाची परवानगी लागते. आमच्या गावात जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, असते, तर येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे, आणि त्याच अर्जात शाळेसाठी पण एक ओळ टाकणार आहे, की पहिलीच्या हजेरीत पोराच्या दाखल्यावरच्या नावाशेजारी त्याचं घरचं नाव, घरच्या उच्चारात, पेन्सिलनं का होईना लिहून ठेवावं.